नोंद नाही

बाबा हरवले त्या आठवड्यात धाकटीने एक गोष्ट मनाशी घट्ट धरून ठेवली होती: या शहरात माणूस शोधायचा तर आपल्याइतकी सोय दुसऱ्या कुणाकडे नाही. ते खोटंही नव्हतं. हरवलेल्या माणसांचा तपास जिथे लागतो त्याच कचेरीत ती नोकरीला होती, आणि तो तपास ज्या प्रोग्रामवर चालायचा तो तिनेच लिहिला होता. लोक काखेत कळसा असताना गावाला वळसा घालतात. आपल्या काखेत काय आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं तिला वाटायचं.

बाबा सुतार होते. हयातभर खुर्च्या, कपाटं, दारं करून आधी हात थकले आणि मग डोकं थकलं. विसराळूपणा इतका वाढला की आई गेली हे त्यांना अधूनमधून नव्याने सांगावं लागायचं, आणि दर खेपेला ते नव्याने रडायचे. शेवटी थोरल्याने, म्हणजे धाकटीच्या मोठ्या भावाने, ठरवून टाकलं की आता सांगायचंच नाही. आई बाहेर गेलीय, येईल, एवढंच म्हणायचं. असं चाललं होतं. एका सकाळी बाबा मोजपट्टी खिशात घालून, एका खिडकीचं माप घ्यायचंय म्हणत जिना उतरले. खालच्या दुकानदाराने त्यांना कोपऱ्यावर वळताना पाहिलं, ते शेवटचं. खिशात ना फोन, ना पत्ता. सदऱ्याच्या आत पत्त्याची चिठ्ठी शिवून ठेवायची असं दोघं भावंडं कितीदा तरी बोलली होती. ते बोलण्यावारीच गेलं.

थोरला पार्सलची गाडी चालवायचा. शिकलेला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. शोधायची त्याला एकच रीत माहीत होती, ती म्हणजे चालणं. त्याने रजा टाकली आणि पायाला भिंगरी लावली. बसस्थानक, निवारे, बागेतली बाकं, छोटेमोठे दवाखाने. पोलिसांत तक्रार लिहून झाली होती, पण पोलीस तरी काय करणार, तेही धाकटीचाच प्रोग्राम उघडून बघायचे आणि मान हलवायचे.

संध्याकाळी तो सुजलेले पाय घेऊन घरी आला की ती त्याच्यावर चिडायची. चिडण्यात माया होती, पण शहाणपणाचा तोराही होता, आणि तो आता झाकून काय उपयोग. शहरातलं एकूणएक इस्पितळ आपली माहिती रोज तिच्या कचेरीत पाठवत होतं. त्यात बेवारस, बेशुद्ध, नाव न सांगता येणारे, सगळे असायचे. मग माणसाने दारोदार का फिरावं? एके दिवशी थोरला म्हणाला की नदीकाठचं मोठं इस्पितळ राहिलंय, उद्या तिथे जाऊन येतो. तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. इस्पितळाचं नाव, पुढे हिरवी खूण, आणि खाली दोन शब्द: नोंद नाही.

"तिथे नाहीयेत बाबा," ती म्हणाली. "मी रोज बघते, दादा. तिथे जाण्यात दिवस घालवू नकोस. त्यापेक्षा हायवेच्या गावांकडे जा. तिकडची माहिती माझ्याकडे येत नाही."

थोरल्याने मान डोलावली. धाकटी म्हणते म्हणजे बरोबरच, हे त्याचं लहानपणापासूनचं गणित. तिच्या शिक्षणाला हातभार लागावा म्हणून स्वतःची शाळा सोडलेला माणूस तो. तिच्या बुद्धीवर संशय घेणं म्हणजे स्वतःच्याच कष्टांवर संशय घेणं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तो हायवेवरच्या गावाला गेला, दुपारी तिथल्या बसस्थानकावरून फोन करून इथेही नाहीत म्हणाला, आणि तिथून पुढच्या गावाला गेला.

आता हा प्रोग्राम काय करायचा ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. फार अवघड नाही. प्रत्येक इस्पितळाकडून जी माहिती यायची ती एकात एक बसवलेल्या खणांच्या कपाटासारखी. पायथन नावाच्या ज्या भाषेत तिने तो लिहिला होता, तिच्यात नाव लावलेल्या खणांना डिक्शनरी म्हणतात, आणि नावाशिवाय नुसत्या ओळीने मांडलेल्या वस्तूंना लिस्ट. इस्पितळाच्या कपाटात 'वॉर्ड' नावाचा खण, त्यात वॉर्डांची ओळ, प्रत्येक वॉर्डात रुग्णांची ओळ, आणि प्रत्येक रुग्ण म्हणजे पुन्हा छोटे छोटे खण: नाव, वय, ओळखीच्या खुणा. धाकटीचा प्रोग्राम वरून एकेक खण उघडत आत जायचा आणि हवं ते माणूस दिसलं की बाहेर घेऊन यायचा.

खण उघडायच्या दोन तऱ्हा असतात. एक चौकोनी कंसाची. तिच्यात खणाचं नाव सांगायचं, आणि त्या नावाचा खण नसला की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत बोंब ठोकतो. दुसरी तऱ्हा 'गेट'ची. ती फार सभ्य. खण नसला तर काय द्यायचं हे तिला आधीच सांगून ठेवता येतं, आणि ती काही न बोलता तेवढंच देते. नसेल तर रिकामी लिस्ट दे म्हटलं, की दिली रिकामी लिस्ट. ना आरडाओरडा, ना तक्रार.

धाकटीने आधी सगळीकडे चौकोनी कंसच लिहिले होते. मग उद्घाटनाचा दिवस आला. बडी मंडळी पुढच्या रांगेत बसली, धाकटीच्या साहेबांनी बटण दाबलं, आणि कुठल्याशा टीचभर दवाखान्याने एक खण पाठवला नव्हता म्हणून भिंतीएवढ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. साहेबांचं तोंड त्याहून लाल झालं. नंतर केबिनमध्ये ते म्हणाले की काय वाटेल ते करा, पण पडद्यावर लाल दिसता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं साहेबांचं एकूण धोरण. धाकटीने एका दुपारी बसून सगळे कंस काढले आणि सगळीकडे 'गेट' घातलं. लाल कायमचं गेलं. साहेब खूश झाले. खरं म्हणजे तीही खूश झाली होती.

ज्या दिवशी हे उघडं पडलं त्या दिवशी सकाळीच खालच्या चौकशीच्या खिडकीवर भांडण चाललं होतं. खिडकीवरच्या बाई वर आल्या आणि धाकटीच्या टेबलाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या जिभेच्या तिखट, पण कामाच्या पक्क्या. खाली एक बाई आलीय, म्हणाल्या, तिची जाऊ नदीकाठच्या इस्पितळात आहे, वॉर्ड बदललाय म्हणून नवा नंबर विचारतेय. आपलं मशीन म्हणतंय नोंद नाही.

"तिला म्हटलं, नसेल ती तिथे. तर माझ्या अंगावर धावून आली," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "म्हणते, कालच तिला स्वतःच्या हाताने भरवून आलेय, आणि तुम्ही मला नाही म्हणून सांगता? आता तुम्हीच खाली या."

धाकटी खाली गेली नाही. इतके दिवस खिडकीवर माणसं येत होती, नोंद नाही ऐकत होती आणि निघून जात होती. ज्याला आपलं माणूस कुठे आहे हे मुळीच माहीत नाही तो भांडणार कशाच्या जोरावर? भांडली ती एकटी, कारण तिला आधीच ठाऊक होतं.

नदीकाठच्या इस्पितळाने पाठवलेली माहिती तिने प्रोग्राममधून न जाता थेट उघडली. पडदाभर मजकूर आला, माणसांनी गच्च भरलेला. ती वरून वाचू लागली आणि तिसऱ्याच ओळीला थांबली. इस्पितळाची नवी इमारत सुरू झाली होती. त्यामुळे त्यांनी कपाटात एक पायरी वाढवली होती: आधी 'इमारती' नावाचा खण, त्यात दोन इमारतींची ओळ, आणि वॉर्ड त्या प्रत्येक इमारतीच्या पोटात. वरच्या पायरीवर 'वॉर्ड' नावाचा खणच आता नव्हता. तिचा प्रोग्राम रोज त्या दारात जात होता, वॉर्ड आहेत का विचारत होता, 'गेट' रोज त्याच्या हातात रिकामी लिस्ट ठेवत होतं, आणि रिकाम्या लिस्टमध्ये बाबा सापडले नाहीत म्हणून तो हिरवी खूण करून पुढे जात होता. शहरातलं सगळ्यात मोठं इस्पितळ. एकाही खाटेकडे त्याने पाहिलं नव्हतं.

तिने चालू प्रोग्राममध्येच 'गेट' पुसून तिथे चौकोनी कंस घातला आणि चालवून पाहिलं. की-एरर, म्हणजे या नावाचा खणच नाही, लाल अक्षरांत, ताबडतोब. इतकं सोपं होतं. हे लाल जर पहिल्याच दिवशी दिसलं असतं तर तिने चहा संपायच्या आत दुरुस्त केलं असतं.

मग तिने नवी वाट लिहिली. इमारती, त्यातल्या वॉर्डांची ओळ, त्यातल्या रुग्णांची ओळ, त्यातल्या खुणा. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं असलेला म्हातारा माणूस. ते बोट बाबांनी धाकटीच्या जन्माआधीच करवतीखाली घालवलं होतं. दोनदा चुकीचं टाइप झालं. तिसऱ्यांदा उत्तर आलं. दुसरी इमारत, पुरुषांचा वॉर्ड, नाव माहीत नाही, वय सत्तरीच्या पुढे, डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं, खिशात मोजपट्टी.

रुग्णाच्या शेवटच्या खणात 'अवस्था' होती. तीही एक लिस्ट, जसजशी अवस्था बदलेल तसतशी एकेक नोंद खाली वाढत जाणारी. लिस्टमधली पहिली वस्तू काढायची तर शून्य लिहायचं. मोजणी शून्यापासून असते. धाकटीने घाईघाईत शून्य लिहिलं. सवयीने हात तिकडेच गेला. पडद्यावर आलं: रस्त्यात पडलेले आढळले, दाखल केले, शुद्धीवर आहेत, बोलतात, पत्ता सांगता येत नाही.

शुद्धीवर आहेत. बोलतात. तिला रडू फुटलं आणि रडतच तिने फोन लावला.

"दादा, सापडले. बाबा सापडले. नदीकाठच्या इस्पितळात, नव्या इमारतीत."

थोरला एवढंच म्हणाला, "बोलतायत?"

"हो. शुद्धीवर आहेत. बोलतायत."

"मी नदीपलीकडेच आहे, आज गाडी घेतलीय. निघालो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की ती हसली. आई गेल्यानंतर तो असा बोललेला तिने ऐकला नव्हता. फोन ठेवून तिने पर्स उचलली, लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, आणि मग तिच्या लक्षात आलं. शून्य म्हणजे पहिली नोंद. बाबा तिथे आले त्या दिवशीची. आजची अवस्था बघायची तर उणे एक लिहायला हवं, म्हणजे ओळीतली शेवटची वस्तू. हे ती नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची.

तिने उणे एक लिहिलं. तेवढं लिहायला तिला फार वेळ लागला.

मृत्यू, काल पहाटे. छातीत कफ. नातेवाईक आले नाहीत.

ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. थोरला गाडी चालवताना फोन उचलत नसे. कधीच नाही, त्याच्या धंद्याची ती शिस्त. ती जिना उतरेपर्यंत घंटी वाजत राहिली. केबिनच्या दारात साहेब उभे होते. खालच्या सगळ्या पडद्यांवर लाल आलंय, हे काय चाललंय, असं ते विचारत होते. ती त्यांना ओलांडून पुढे गेली. खिडकीसमोर रांग होती, आणि जावेला भरवून आलेली ती बाई अजून बाजूला उभी राहून तणतणत होती. बाकीची माणसं गप्प होती. या रांगेतल्या किती जणांना आपण नाही म्हणून घरी पाठवलं असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो पुढे जाऊ दिला नाही. तिच्यात एका वेळी एकाच माणसाची जागा उरली होती.

नव्या इमारतीला अजून रंगाचा वास येत होता. पायऱ्यांशी थोरल्याची गाडी वेडीवाकडी लावलेली होती, दार उघडंच. म्हणजे तो धावत आत गेला होता. माझ्या शब्दावर धावत गेला, तिला वाटलं, आणि आत जाऊच नये, इथूनच कुठेतरी निघून जावं असं तिला मनापासून वाटलं.

वॉर्डाच्या तोंडाशी परिचारिकेचं टेबल होतं आणि टेबलासमोरच्या खुर्चीत थोरला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसावं तसा. त्याला सांगून झालं होतं. धाकटी जवळ गेली तसा तो सरकला आणि शेजारची खुर्ची त्याने तिच्यासाठी पुढे ओढली. तिला बसवलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

परिचारिका वयाने मोठी होती आणि अशा प्रसंगांना सरावलेली असावी, पण सरावाने कोरडी झालेली नव्हती. ही मुलगी का, असं तिने विचारलं आणि ती हळूहळू सांगू लागली. बाबांचा त्रास काही नव्हता. खिडक्यांची मापं घ्यायचे, सगळ्या वॉर्डाच्या. चौकट एका बाजूला उतरलीय म्हणायचे, आणि खरोखरच उतरलेली होती. मग ताप आला आणि तो छातीत उतरला.

"रोज माहिती भरत होतो आम्ही," ती म्हणाली. "बोटाची खूणही टाकली होती. दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. मग आम्हाला वाटलं, यांना शोधणारं कुणी नसेल. असतात अशीही माणसं."

परिचारिकेने पुढचंही सांगितलं, कारण ते सांगायला हवं असं तिला वाटलं असणार. भेटायच्या वेळेला बाबा उठून बसायचे. केसांवरून हात फिरवायचे. दारातून कुणीही आत आलं की विचारायचे, थोरला आला का. वेळ संपली आणि दार लागलं की आडवे व्हायचे. शेवटच्या दिवशी उठवत नव्हतं, तरी मान त्याच बाजूला होती.

थोरल्याने हे ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही; गुडघ्यावरचे हात तेवढे उलटे झाले, तळवे वर आले आणि तसेच राहिले. परिचारिका कागद आणायला आत गेली. लांबलचक बोळात दोघंच उरली.

धाकटीला वाटलं, आता याने बोलावं. चार शिव्या द्याव्यात, हात उगारावा, तुझ्या मशीनला आग लाव म्हणावं. त्याने मारलं असतं तर तिने खाली मान घालून मार खाल्ला असता आणि तिला थोडं बरं वाटलं असतं. पण तो बसून राहिला. शेवटी तिलाच बोलावं लागलं.

"दादा, ते तिथे नाहीत असं मशीन म्हणत नव्हतं. त्याने बघितलंच नव्हतं. आणि बघितलं नाही तरी नाही म्हण, हे मीच त्याला शिकवलं होतं." "तू येणार होतास इथे. मी अडवलं तुला."

थोरल्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण त्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुझ्यामुळे नाही गं," तो म्हणाला. "मी आलो होतो. तू नको म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच. गेटापर्यंत आलो होतो. पाय दुखत होते, कंटाळा केला, तसाच परत फिरलो. माझंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी तो हायवेवरच्या गावात होता. तिथल्या बसस्थानकावरून त्याने तिला फोन केला होता, मागे बसेसच्या घोषणा तिने स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या. बोलायला बेताचा माणूस, खोटं बोलायला त्याहून बेताचा. आयुष्यात कधी कशाचा कंटाळा केला नव्हता त्याने.

परिचारिका कागद घेऊन आली आणि ओळख पटवायला दोघांपैकी कोण येणार असं तिने विचारलं. थोरला उठला, आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून, तू बस म्हणाला.